मागच्या खोलीवरचा बर्फ

दुसरं वादळ ओसरलं त्या सकाळी अक्षताच्या घरातलं वॉशरूमचं दार लागेना. तिने खांद्याने रेटून पाहिलं, कडी वरखाली करून पाहिली. आदल्या दिवशीपर्यंत हेच दार करंगळीने ढकललं तरी लागत होतं. मग तिचं लक्ष वर गेलं. चौकटीच्या कोपऱ्यातून एक बारीक भेग निघाली होती आणि सिलिंगवरून मागच्या खोलीकडे गेली होती. त्या खोलीत नंदन, तिचा नवरा, झोपलेला होता.

तिने त्याला लगेच काही सांगितलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या खोलीचं सपाट छत बाजूने दिसायचं. त्यावर बर्फाची गादी चढली होती, तिच्या कमरेहून उंच. पहिल्या वादळाचा बर्फ दबून घट्ट झाला होता, त्यावर दुसऱ्याचा भुसभुशीत थर बसला होता. आणि दुपारनंतर पाऊस येणार म्हणून फोनवर सूचना आली होती. एवढ्या बर्फावर पाऊस पडला की तो वितळून जात नाही, स्पंजासारखं पाणी पिऊन बसतो आणि जड होतो, हे क्युबेकमधल्या ब्रॉसार्डमध्ये इतकी वर्षं राहिल्यावर तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

अक्षता मूळची इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, घरावर पत्रे. छतावर कधी काही साचतं आणि त्याचं वजन होतं, ही कल्पनाच तिला लग्नापर्यंत नव्हती. केमिस्ट्री घेऊन ती बी.एस्सी. झाली, नंदनशी लग्न करून पुण्याला आली आणि त्याच्या नोकरीमागे क्युबेकला. नंदन विमानांच्या सिम्युलेटरचं सॉफ्टवेअर करायचा, त्याचं ऑफिस इंग्रजीत चालायचं. हिला मात्र नोकरीसाठी फ्रेंच शिकावं लागलं. संध्याकाळच्या क्लासला जाऊन ती शिकली आणि एका औषध कंपनीत क्वालिटीला लागली. गोळ्यांच्या पाकिटाचं सील नीट बसलं नाही तर पॅकिंगची लाइन थांबवायची, हे तिचं काम. सुपरवायझर तोंड वाकडं करायचा, ट्रक खोळंबायचा, पण ती लाइन सुरू करू द्यायची नाही. ऑफिसातले लोक तिला गमतीने ‘मादाम स्टॉप’ म्हणायचे. घरी येऊन ती हे सांगायची आणि नंदन हसायचा.

ही झाली आधीची गोष्ट. गेल्या वर्षी फेब्रुवारीतच नंदन शिडी लावून याच छतावर चढला. वळचणीला बर्फाचा कडक बांध तयार झाला होता, त्यामागे पाणी अडून सिलिंगमधून टपकत होतं. घरून काम करताना ऑफिसच्या दोन कॉलच्या मधे वेळ मिळाला म्हणून तो कुऱ्हाड घेऊन गेला. अक्षता तेव्हा कामावर होती. शेजारच्या जिझेल आजींनी खिडकीतून पाहिलं तेव्हा शिडी आडवी पडली होती आणि नंदन बर्फात पाठीवर पडून आकाशाकडे बघत होता. तो शुद्धीवर होता. कंबरेखाली त्याला काही जाणवत नव्हतं, ते त्यानंतर कधीच जाणवलं नाही.

तो इस्पितळातून घरी आला तेव्हा त्याचा पलंग मावेल अशी एकच खोली होती, ही मागची. आधीच्या मालकाने घराला मागून जोडलेली, रुंद, मागच्या अंगणात उघडणारं पॅटिओचं सरकतं काचेचं दार असलेली. त्या दारापासून खाली व्हीलचेअरसाठी रॅम्प बांधून घेतला. पुढच्या दाराला पायऱ्या होत्या, तिकडून त्याचं येणंजाणं बंदच झालं. म्हणजे ज्या छतावरून तो पडला, त्याच छताखाली तो तेव्हापासून झोपत होता.

सकाळभर अक्षता फोन करत राहिली. छतावरचा बर्फ काढणाऱ्या जितक्या कंपन्या सापडल्या तितक्यांना. काहींचे फोन उचललेच गेले नाहीत. ज्यांनी उचलले ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात. एका बाईने तर तिचं बोलणं पुरतं व्हायच्या आधीच सांगितलं, “मादाम, आज इथल्या अख्ख्या साउथ शोअर भागातली दारं अडकली आहेत.”

“कुणाला फोन चाललेत?” नंदनने पलंगावरून विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिने भेगेचं सांगितलं. त्याने सिलिंगकडे पाहिलं.

“पुढच्या घराच्या उतरत्या छताचं काही नाही, ते पेलेल,” तो म्हणाला. “हे सपाट आहे. आणि आधीच्या मालकाने तुळया कसल्या वापरल्यात कुणास ठाऊक. जिझेलबाईंकडे तो लांब दांडा आहे ना, बर्फ ओढायचा? तो आण. जमिनीवरूनच ओढ. शिडीला हात लावायचा नाही.”

“नाही लावणार.”

“शपथ घे.”

“अरे, मी कशाला लावीन शिडीला हात?” ती म्हणाली. ती शिडी तिने गेल्या उन्हाळ्यातच कचऱ्याच्या गाडीत देऊन टाकली होती.

जिझेल आजींकडचा रूफ रेक म्हणजे तुकड्यातुकड्यांनी जोडायचा लांब दांडा आणि टोकाला आडवी पाटी. सत्तरी ओलांडलेल्या जिझेल आजी तो घेऊन स्वतःच आल्या. “छपराच्या अगदी खाली उभी राहू नकोस,” त्या म्हणाल्या. “दांडा तिरका धर. आणि खालच्या बर्फाला पाटी घासू नकोस, छताचं आवरण फाटतं. थोडा राहू दे तसाच.”

अक्षता मांडीपर्यंत बर्फात रुतून उभी राहिली आणि ओढू लागली. वरचा भुसभुशीत थर सहज आला. चेहऱ्यावर, बाहीत, कॉलरच्या आत. त्याखालचा येईना. दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखं ओढावं तेव्हा एखादी लादी सुटायची आणि धप्पकन खाली यायची. एकदा ती लादी तिच्या बुटाच्या टोकाजवळ फुटली, तेव्हा ती आणखी मागे सरकली. पण मागे सरकलं की दांडा पुरत नव्हता. तास दीड तास ती ओढत होती. हाताची बोटं वळेनाशी झाली. आणि एवढं करून मोकळी झाली ती फक्त छताची कड. मधला सगळा ढीग, पलंगाच्या बरोबर वरचा, तसाच होता. तिथवर कुठलाच दांडा पोचणार नव्हता.

ती दम खायला थांबली तेव्हा तिच्या लक्षात आलं की रॅम्प दिसत नाही. ओढलेला सगळा बर्फ रॅम्पवर पडला होता. पॅटिओच्या दारापाशी तिच्या छातीएवढा ढिगारा झाला होता आणि लाद्या एकमेकींवर बसून सिमेंटसारख्या घट्ट झाल्या होत्या. नंदनला बाहेर काढायची एकच वाट होती. ती तिने आपल्या हाताने बुजवून टाकली होती.

ती तिथेच ढिगाऱ्यावर बसली. जिझेल आजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा तिला रडूही आलं नाही.

आत गेली तर भेग रुंद झाली होती. आता त्यात नख गेलं असतं. नंदन म्हणाला, “मघापासून आवाज येतोय. लाकूड पिळल्यासारखा. मला वाटलं, मलाच भास होताहेत.”

तेवढ्यात दारावर थाप पडली. बाहेर एक पिकअप ट्रक उभा होता. स्तेफान नावाचा माणूस आणि त्याचे दोन साथीदार रस्त्यावरून घरं बघत चालले होते, मागचं छत त्यांना दिसलं. “वीस मिनिटांत साफ करून देतो, मादाम,” तो म्हणाला. त्याने पैसे सांगितले. अक्षताने घासाघीस केली नाही. म्हणेल ते द्यायला ती तयार होती. देवच पावला असं तिला वाटलं. ती त्यांच्यामागून बूट न बांधताच धावली.

त्यांनी ट्रकमधून शिडी काढली, फावडी काढली. मग ट्रकचं फळकूट बंद केलं.

“दोर?” तिने विचारलं.

“काय?”

“हार्नेस. दोर. कमरेला बांधायचा.”

स्तेफान हसला, कुत्सितपणे नाही, दमलेल्या माणसासारखा हसला. “सपाट छत आहे. उंची काय आहे, मादाम? पडलं तरी बर्फातच पडणार.”

शिडी टेकवलेली होती. एक साथीदार पहिल्या पायरीवर उभा होता. तिशीचा असेल, दाढीवर बर्फाचे कण. अक्षताने त्याच्या बुटांकडे पाहिलं. तळवे झिजलेले होते. कडेचा जो बर्फ तिने ओढून काढला होता, तिथे आता निळसर, गुळगुळीत थर उघडा पडला होता, आणि शिडीचं टोक नेमकं त्यावर होतं.

“उतरा,” ती म्हणाली. “नको.”

“काय नको?”

“दोर असेल तर चढा. नसेल तर नको.”

पॅटिओच्या दाराचा वरचा भाग ढिगाऱ्यावरून दिसत होता. आतून नंदनने सगळं ऐकलं. तो ओरडला, मराठीत, म्हणजे तिलाच कळावं असं. “अक्षता, चढू दे त्यांना. वेडी झालीस का? त्यांचं ते रोजचं काम आहे.”

ती ढिगाऱ्यावर चढून काचेजवळ गेली. “नंदन, त्यांच्याकडे काहीच नाही.”

“माझ्या डोक्यावर काय आहे ते बघ.”

“बघतेय.”

“मग? त्या माणसाच्या पाठीची काळजी आणि मी इथे गाडला जाऊ? मी तर काय, आधीच कामातून गेलोय. माझं काय राहिलंय, असंच ना?”

काचेतून त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता. त्याचं खरं होतं आणि तिचंही. तिला तर वाटत होतं की मान फिरवावी, आत जावं, त्यांना हवं ते करू द्यावं आणि नंतर कुणी विचारलं तर आपण बघितलंच नाही म्हणावं. तेवढं एक सोपं होतं. तिने स्तेफानकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाली, “नको.”

त्याने खांदे उडवले. शिडी परत ट्रकमध्ये गेली. त्याच्यासाठी रस्त्यावर घरं पुष्कळ होती. ट्रक वळणावर दिसेनासा झाला आणि पावसाचे पहिले थेंब तिच्या जॅकेटवर वाजले.

तिने मदतीसाठी नाइन-वन-वन लावला. पलीकडच्या बाईने तीनच प्रश्न विचारले. दारं अडकताहेत का, भेग वाढते आहे का, आवाज येतोय का. मग ती म्हणाली, “छताचं काही करत बसू नका. सगळे बाहेर पडा. आत्ता.”

“माझे मिस्टर चालू शकत नाहीत. रॅम्प बर्फाखाली गेलाय.”

“अग्निशमनची गाडी पाठवते आहे, पण आज वेळ लागेल, बऱ्याच ठिकाणी गाड्या गेल्या आहेत. तुम्हाला सुरक्षित काढता येत असेल तर थांबू नका. नाहीतर निदान त्यांना त्या खोलीतून तरी हलवा.”

हे चाललेलं असताना ईशानीचा फोन येत होता. त्यांची ही मुलगी दूर वॉटरलूला शिकत होती, तिला बाबांनीच मेसेज केला असावा. अक्षताने उचलून एवढंच सांगितलं की बाबांना बाहेर काढतेय. “आई, जस्ट गेट हिम आउट,” ईशानी म्हणाली. “फर्गेट द हाउस. प्लीज.”

पण व्हीलचेअर पुढच्या पायऱ्यांवरून दोन बायकांना उतरवता येणार नव्हती. रस्त्यावरची बाकी माणसं कामावर गेलेली किंवा आपापल्या छतांशी झुंजत होती. जिझेल आजींनीच वाट काढली. त्यांच्या नातवंडांची प्लास्टिकची स्लेड होती, टेकडीवरून घसरायची, लांबलचक, लाल. ती त्यांनी घरात आणली, मागच्या खोलीत, पलंगाशेजारी जमिनीवर ठेवली. घरात स्लेड बघून नंदनने डोळे मिटले.

पलंगाजवळ पेशंट लिफ्ट होती. रोज सकाळी अक्षता त्याला झोळीत घालून त्या यंत्राने उचलायची आणि खुर्चीत ठेवायची. आज तिने झोळी त्याच्याखाली सरकवली, चारही पट्टे अडकवले आणि बटण दाबलं. यंत्र आपल्या नेहमीच्या संथ गतीने वर जाऊ लागलं. ते तेवढ्याच वेगाने जातं. तिला ते हाताने ओढावंसं वाटत होतं. वर कुठेतरी कडकन आवाज झाला आणि जिप्समची पांढरी भुकटी नंदनच्या पांघरुणावर सांडली. लिफ्ट खाली यायला लागली, नंदन स्लेडमध्ये टेकला, आजींनी त्याचे पाय उचलून आत ठेवले, एखादं तान्हं मूल ठेवावं तसे. अक्षताने त्याच्या छातीवरून आणि मांड्यांवरून चादरी बांधल्या.

“घट्ट होतंय का?”

“मला कळतं का ते?” तो म्हणाला. मग, “छातीवर ठीक आहे.”

फरशीवरून स्लेड सरकली. वॉशरूमच्या दारापाशी ती अडली, कारण ते दार अर्धवट उघड्या अवस्थेत रुतून बसलं होतं. अक्षताने लाथ घातली. दुसऱ्या लाथेला फळी चिरली आणि तिसरीला दार वळलं. पुढच्या पायऱ्यांवरचा बर्फ तिने सकाळी काढला होता. आता तोच परत हवा होता. आजींनी बाजूचा बर्फ फावड्याने पायऱ्यांवर लोटला, बुटांनी दाबून उतार केला. अक्षता डोक्याच्या बाजूला स्लेडची दोरी मनगटाला गुंडाळून मागे रेलून उभी राहिली. जिझेल आजी खाली उभ्या राहू लागल्या, तेव्हा ती म्हणाली, “समोर नको. बाजूला व्हा.” सुटला असता तर तो त्यांच्या अंगावर गेला असता.

ती एकेक वीत सोडत गेली. दोरीने मनगटाची कातडी सोलली. नंदनच्या तोंडावर पाऊस पडत होता आणि त्याला तो पुसता येत नव्हता, कारण हात चादरीत बांधलेले होते. तो वर आकाशाकडे बघत होता. खाली टेकल्यावर त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं, आणि लगेच नजर वळवली.

शेजारच्या गराजमध्ये जमीन सपाट होती. तिथे आजींच्या गाडीशेजारी, हिटरसमोर, जुन्या गाद्यांवर त्यांनी त्याला ठेवलं. अग्निशमनची माणसं बऱ्याच वेळाने आली. त्यांनी घराचा गॅस बंद केला, आत डोकावून पाहिलं आणि दारावर लाल पट्टी लावली. त्यांच्यातली एक तरुण बाई अक्षताला म्हणाली, “आत जायचं नाही. औषधं हवी असतील तर सांगा, मी आणते.” अक्षताने सांगितली. सांगताना तिला औषधांची नावं आठवेनात. रोज हाताळायच्या गोळ्यांची नावं.

छत पडलं नाही. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. जिझेल आजींच्या बैठकीच्या खोलीत नंदन खिडकीजवळ सोफ्यावर पडून ते न पडलेलं छत बघत राहायचा. “बघ,” एकदा तो म्हणाला. “उभंच आहे.” अक्षता त्याला कुशीवर वळवत होती. तिने मान हलवली. तिलाही तेच वाटत होतं. त्या माणसांनी वीस मिनिटांत केलं असतं, आपण आज आपल्या घरात असतो.

दोर घेऊन माणसं आली ती त्यानंतर. एका इंजिनिअरने आधी आतून तपासलं, खोलीत लोखंडी टेकू लावले. मग छताखालची जागा फीत बांधून मोकळी केली आणि मुख्य घराच्या आढ्याला दोर अडकवून तिघंजण वर गेले. ते एका बाजूने ढकलत नव्हते. मधून थोडा, या बाजूचा थोडा, त्या बाजूचा थोडा, असा बर्फ उतरवत होते, म्हणजे तुळयांवरचं वजन एकदम एकीकडे जाऊ नये. तळाचा वीतभर थर त्यांनी तसाच ठेवला. नंदन खिडकीतून बघत होता आणि नकळत तिला सगळं समजावून सांगत होता. वर्षभरात तो इतकं सलग बोलला नव्हता.

बोलता बोलता तो थांबला. कडेला काम करणाऱ्या माणसाचा पाय सटकला होता. नुसता सटकला, काही मोठं झालं नाही. तो बसल्यासारखा खाली गेला, कडेवरून त्याचे पाय हवेत आले, आणि दोर ताणला. क्षणभर तो तसाच लोंबकळत राहिला. मग साथीदारांनी ओढलं, तो गुडघ्यांवर वर आला, पँट झटकली आणि फावडं उचललं. खालच्या माणसाने काहीतरी चेष्टा केली, ते सगळे हसले.

अक्षता भिंतीला टेकून खाली बसली. तिने दोन्ही हात तोंडावर दाबले, तरी आवाज निघालाच. आजी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि पुन्हा आत गेल्या.

नंदन खिडकीबाहेर बघत होता. “वरून सगळं नुसतं पांढरं दिसतं,” तो म्हणाला. “पायाखाली काय आहे ते कळतच नाही. मी कुऱ्हाड उचलली, आणि मला वाटलं, आपण उभेच आहोत. पडतोय हे कळलं तेव्हा आभाळ समोर होतं.”

पडल्यापासून त्याबद्दल तो एक अक्षर बोलला नव्हता. डॉक्टरांशी नाही, ईशानीशी नाही. त्या दुपारी तो सगळं बोलला. थंडीत पडून असताना त्याने काय काय आठवलं, जिझेल आजी येईपर्यंत तो किती हाका मारत होता, आणि त्या हाका त्यालाच कशा ऐकू येत नव्हत्या. अक्षता जमिनीवर बसून ऐकत होती. काचेआडून तो जे ओरडला होता, त्याबद्दल मात्र तो काही म्हणाला नाही. तिनेही काढलं नाही.

सिलिंग उघडल्यावर मधली तुळई उभी चिरलेली निघाली. ती त्या दिवशी पडली असती का, हे इंजिनिअरलाही सांगता आलं नाही. खोली पाडावी लागली, आणि तिच्याशिवाय त्या घरात नंदनचा पलंग मावत नव्हता. उन्हाळ्यात त्यांनी घर विकलं आणि जवळच्याच लाँगय्येला एका मोठ्या इमारतीत तळमजल्यावर भाड्याने राहायला गेले. स्तेफान आणि त्याची माणसं त्या दिवशी पुढे कुठल्या छतावर चढली आणि सगळी धड खाली उतरली का, हे अक्षताला कधीच कळलं नाही. स्थानिक बातम्या ती त्यानंतर कित्येक दिवस भीतभीत वाचायची.

नव्या इमारतीचं छत त्यांच्यापासून बरेच मजले वर आहे, आणि त्याची काळजी करणारा मॅनेजर पगारी आहे. डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला तेव्हा नंदनने त्याला फोन लावला. छतावर कोण चढणार आहे आणि त्यांच्याकडे दोर आहेत का, असं त्याने विचारलं. मॅनेजर म्हणाला, हो हो, आहेत. नंदनने विचारलं, कुठे अडकवणार? मॅनेजर वैतागला. दुसऱ्या बर्फाला नंदनने पुन्हा फोन लावला. आता त्याचा नंबर दिसला की मॅनेजर फोन उचलत नाही, तेव्हा नंदन अक्षताच्या फोनवरून लावतो.